नफ्याचा कर आणि विलंबाचे व्याज

आयकर म्हणजे पगारातून कापून जाणारी रक्कम, अशी मराठवाड्यातील नोकरदारवर्गाची दोन पिढ्यांची समजूत आहे, आणि ती समजूत कालपरवापर्यंत खोटी होती असे कोणाला म्हणता यायचे नाही. जिल्हा परिषदेचा शिक्षक, तहसील कचेरीतील अव्वल कारकून, बँकेतला रोखपाल, महाविद्यालयातला प्राध्यापक यांचा सरकारशी कराचा जो काही हिशेब होता तो कार्यालयातील लेखनिकाच्या टेबलावरच पुरा होत असे. फेब्रुवारीचा पगार थोडका हाती पडला की वर्षाचे देणे फिटले आणि पुढे ‘फॉर्म १६’ मिळाला की त्याची पावतीही मिळाली. हप्त्यांनी कर भरणे, वर्ष संपण्यापूर्वीच उत्पन्नाचा अंदाज बांधणे, ही कामे मोंढ्यातील अडत्याची, कापसाच्या व्यापाऱ्याची आणि त्याच्या मुनिमाची, असे आपण धरून चाललो होतो.

ही वाटणी आता मोडली आहे. मार्च २०२० मध्ये देशात डीमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती दहा कोटींवर गेली आणि २०२५ मध्ये हा आकडा १९ कोटींच्याही पुढे गेला. ही खाती एकट्या मुंबईत उघडली गेली नाहीत. नांदेड आणि लातूर तर सोडाच, कंधारसारख्या तालुक्याच्या गावीही शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुटीत निफ्टीचा आकडा विचारला जातो. पूर्वी जी शिल्लक पोस्टात, पतपेढीत किंवा सराफाकडे जाई, तिच्यातला काही भाग म्युच्युअल फंडाच्या मासिक हप्त्यात आणि समभागांत जाऊ लागला. यात आम्हांला वावगे काहीच दिसत नाही. वाईट इतकेच की पैसा नव्या वाटेने गेला आणि कराची समजूत मात्र जुन्याच वाटेवर उभी राहिली.

कारण मुदत ठेवीच्या व्याजावर बँक कर कापते, पगारावर कार्यालय कापते. पण भारतात राहणाऱ्या माणसाने समभाग विकून जो नफा केला त्यावर उगमाशी एक पैसाही कापला जात नाही. दलालाच्या हिशेबात जो उलाढालीचा कर दिसतो तो निराळा. तो भरला म्हणजे नफ्याचा कर भरला, असे मानणारे सुशिक्षित लोक थोडे नाहीत. नफा पुरा हाती येतो, तो पुन्हा गुंतवला जातो किंवा घराच्या बांधकामात जिरतो, आणि पुढच्या जुलैमध्ये विवरणपत्र भरताना संगणक कराच्या रकमेखाली आणखी दोन आकडे मांडतो. लोक त्याला ‘दंड’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत तो दंड नव्हे, व्याज आहे, आणि हा भेद केवळ शब्दांचा नाही. दंडाबाबत अधिकाऱ्यापुढे कारण मांडता येते. व्याज आपोआप धावते. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अंजुम घासवाला प्रकरणात हे व्याज अनिवार्य असल्याचा निर्वाळा दिला. ते माफ करण्याचा अधिकार मोजक्या परिस्थितीत आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनाच आहे. ‘मला माहीत नव्हते’ ही सबब त्या परिस्थितींत बसत नाही.

आगाऊ कराची कल्पना आपल्याकडे १९४४ मध्ये, युद्धकाळात आली. सरकारला पैशाची निकड होती आणि वर्ष संपून आकारणी होईपर्यंत थांबायला सवड नव्हती. भांडवली नफ्यावरील कराचा इतिहास याहून चंचल. १९४७ च्या लियाकत अलींच्या अंदाजपत्रकाने तो आणला, १९४९ मध्ये तो गेला आणि केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांच्या शिफारशीनंतर १ एप्रिल १९५७ पासून पुन्हा आला. (काल्डॉर आले ते चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना; पण देशमुख १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पायउतार झाले आणि कर बसविण्याचे काम कृष्णम्माचारींकडे गेले.) आपल्या भागापुरते बोलायचे तर भारतीय आयकर कायदाच हैदराबाद राज्याला १ एप्रिल १९५० पासून लागू झाला. म्हणजे कंधारच्या माणसाची या कायद्याशी ओळख होऊन पाऊणशे वर्षे झाली आहेत. परंतु त्यातील आगाऊ कराच्या प्रकरणाशी त्याची गाठ आता कोठे पडते आहे.

नियम तसा थोडक्यात सांगता येतो. उगमाशी कापलेला कर वजा जाता वर्षाचे देणे दहा हजार रुपये किंवा त्याहून अधिक निघत असेल तर ते वर्ष चालू असतानाच चार हप्त्यांत द्यावे लागते. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत सारे. हप्ता चुकला तर तुटीवर दरमहा एक टक्का. पहिल्या तीन हप्त्यांना तीन तीन महिन्यांचे आणि शेवटच्याला एका महिन्याचे. हे जुन्या कायद्याचे कलम २३४सी. दुसरे कलम २३४बी. ३१ मार्चपर्यंत एकूण देण्याच्या नव्वद टक्के रक्कम पोचली नसेल तर १ एप्रिलपासून भरणा होईपर्यंत दरमहा, किंवा महिन्याच्या अंशालाही, एक टक्का. १ एप्रिल २०२६ पासून अमलाचा असलेला २०२५ चा नवा आयकर कायदा कलमांचे क्रमांक बदलतो, पण ही चौकट मोडीत काढत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. कंधारच्या एखाद्या शाळेतील शिक्षकाचा पगार, प्रमाणित वजावट जाऊन, २०२५-२६ या वर्षात नऊ लाख रुपये आहे असे समजा. नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंत कर नाही, हे त्याने वर्तमानपत्रात वाचले आहे आणि दूरचित्रवाणीवर ऐकले आहे. कार्यालय त्याचा कर कापत नाही, तेही बरोबर. नोव्हेंबरमध्ये त्याने वर्षाच्या आत घेतलेले काही समभाग विकले आणि दोन लाखांचा नफा मिळविला. नऊ आणि दोन अकरा. बारा लाखांच्या आतच आहोत, असे म्हणून तो निर्धास्त राहतो. आणि येथेच तो फसतो. बारा लाखांची ती सवलत पगारावरच्या कराला आहे; समभागांच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ती नाही. अल्पमुदतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून वीस टक्के दर आहे. दोन लाखांवर चाळीस हजार, त्यावर चार टक्के उपकर, मिळून ४१,६०० रुपये.

या मुद्द्यावर गोंधळ सामान्य माणसाचाच झाला असे नाही. जुलै २०२४ मध्ये आयकर खात्याने आपल्या संकेतस्थळावरील गणिताची आज्ञावली बदलली आणि अल्पमुदतीच्या नफ्यावर ती सवलत मागण्याची सोयच बंद केली. चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही करसल्लागारांची संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि मागणीच करू न देणे गैर आहे, असा निकाल न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. त्यानंतर २०२५ च्या वित्त कायद्याने पुढील वर्षांपुरती ती वाट उघडपणे बंद केली. करतज्ज्ञांना ज्या शब्दांच्या अर्थासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेथे शिक्षकाने चूक केली तर त्याला बेजबाबदार म्हणायला आमची लेखणी धजत नाही.

असो. शिक्षकाने जुलै २०२६ पर्यंत काहीच भरले नाही तर काय होईल? डिसेंबरच्या हप्त्यापोटी ७५ टक्के, म्हणजे ३१,२०० रुपये, देय होते. त्यावर तीन महिन्यांचे ९३६ रुपये. मार्चच्या हप्त्याबद्दल ४१६ रुपये. आणि एप्रिल ते जुलै असे चार महिन्यांचे १,६६४ रुपये. एकंदर तीन हजारांवर सोळा. ही रक्कम कोणाचा संसार बुडवणारी नाही, हे कबूल. पण मूळ कराच्या सात टक्क्यांहून अधिक रक्कम केवळ तारीख चुकल्याबद्दल जावी, आणि तीही जो एरवी पै-पैचा हिशेब ठेवतो त्याच्या खिशातून, हे मनाला लागते.

जून आणि सप्टेंबरच्या हप्त्यांचे व्याज येथे आम्ही धरलेले नाही, त्याचे कारण कायद्यातच आहे. नोव्हेंबरमध्ये काय नफा होईल हे जूनमध्ये कोणी सांगावे? बाजाराचे भविष्य वर्तविण्याची सक्ती कायदाही करीत नाही. भांडवली नफा, लाभांश, सोडतीचे बक्षीस अशा अकल्पित उत्पन्नापुरती मागील हप्त्यांच्या तुटीला माफी आहे. मात्र तिला अट आहे. नफा झाल्यानंतर जे हप्ते उरले असतील त्यांत त्याचा सारा कर भरला पाहिजे, आणि १५ मार्चनंतर नफा झाला असेल तर ३१ मार्चच्या आत. ही सवलत फक्त हप्त्यांच्या व्याजाला आहे. १ एप्रिलपासून धावणाऱ्या दुसऱ्या व्याजाला अशी कोणतीही ढाल नाही. आणखी एक गैरसमज येथेच दूर करावा. विवरणपत्राची मुदत वाढली म्हणजे हे व्याज थांबते असे नाही. २०२५ मध्ये ३१ जुलैची तारीख १५ सप्टेंबरवर गेली तेव्हा अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला; पण ज्याचा आगाऊ कर राहिला होता त्याचे व्याज त्या वाढीव दिवसांतही चालूच होते.

नोकरदारासाठी या साऱ्यातून निघण्याचा एक सरळ मार्ग आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही याचे आम्हांला नवल वाटते. आपले इतर उत्पन्न लेखी कळवून त्यावरचा करही पगारातूनच कापावा, अशी विनंती कर्मचारी आपल्या कार्यालयाला करू शकतो. उगमाशी कापलेला कर कोणत्या महिन्यात कापला याला व्याजाच्या गणितात महत्त्व नाही. वर्षात कापला गेला की पुरे. आमच्या उदाहरणातील शिक्षकाने नोव्हेंबर अखेरीस मुख्याध्यापकांकडे असा अर्ज दिला असता तर डिसेंबर ते मार्च दरमहा १०,४०० रुपये कापले जाऊन ४१,६०० पुरे झाले असते आणि व्याजाचा एक रुपयाही लागला नसता. नांदेडला लेखापालाकडे खेटे घालण्याचेही कारण उरले नसते. वेतन देयके काढणाऱ्या कार्यालयांनी असे अर्ज ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ म्हणून परत करू नयेत. ती पद्धत कायद्याने घालून दिलेली आहे.

ज्यांना स्वतःच भरणा करायचा असेल त्यांनी एक खबरदारी घ्यावी. जुन्या कायद्यात उत्पन्नाचे वर्ष वेगळे आणि आकारणीचे वर्ष वेगळे. २०२५-२६ च्या नफ्याचा कर ‘आकारणी वर्ष २०२६-२७’ या खान्यात भरावा लागतो. घाईत चुकीचे वर्ष निवडले की पैसे सरकारकडे पोचतात, पण तुमच्या खात्यावर ते दिसत नाहीत. नव्या कायद्याने ‘करवर्ष’ हा एकच शब्द ठेवून हा घोळ मिटविला, हे त्याचे एक चांगले काम होय. आगाऊ कराचा संकेतांक १०० आणि स्वयं-आकारणीचा ३००, हाही भेद भरताना पाहावा. नफा मोजताना तोटा विसरू नये. अल्पमुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घमुदतीचा फक्त दीर्घमुदतीच्या नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच. एका फंडातून दुसऱ्या फंडात रक्कम वळविली, हातात रुपयाही आला नाही, तरी ती विक्रीच ठरते. वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या समभागांच्या नफ्यापैकी पहिल्या सव्वा लाखावर कर नाही आणि त्यापुढे साडेबारा टक्के, हे बहुतेकांना आता ठाऊक झाले आहे.

साठी ओलांडलेल्या ज्या नागरिकाला धंद्याचे वा व्यवसायाचे उत्पन्न नाही त्याला आगाऊ कर लागू नाही. त्याने विवरणपत्राच्या वेळी सारा कर भरला तरी चालतो. निवृत्त मंडळींना ही मोठीच सोय आहे. पण वायदेबाजारातील व्यवहार कायद्याच्या दृष्टीने धंदा ठरतात, आणि एकाच दिवसात समभाग घेऊन विकणे हाही सट्ट्याचा धंदाच. पेन्शनर मंडळी फावल्या वेळात मोबाइलवर हे उद्योग करू लागली की ही सोय त्यांच्या हातून जाते. भांडवल बाजार नियामक ‘सेबी’च्या सप्टेंबर २०२४ च्या पाहणीत वायदेबाजारात उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तीन वर्षांत तोटाच झाला असे आढळले होते. तेव्हा या वाटेने जाणाऱ्यांना कराची काळजी करण्याची वेळ सहसा येत नाही, एवढेच समाधान!

कंधारच्या संदर्भात समभागांहून जड प्रश्न जमिनीचा आहे. शेतजमीन विकली तर कर नाही, हे वाक्य आपल्याकडे वेदवाक्यासारखे बोलले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. दहा हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीतील, आणि हद्दीपासून दोन किलोमीटरपर्यंतची शेतजमीन आयकर कायद्याच्या दृष्टीने ‘ग्रामीण’ राहत नाही. कंधार नगरपरिषद याच गटात येते. नांदेड व लातूर महानगरपालिकांसाठी हे अंतर सहा किलोमीटर आहे. अंतर सडकेने नव्हे, पक्षी उडतो तसे सरळ रेषेत मोजायचे. राष्ट्रकूटांच्या नावाशी जोडलेल्या या गावाभोवतीच्या शेतांतून प्लॉट पडत आहेत, आणि सातबाऱ्यावर जिरायत म्हणून नोंद असलेला तुकडा विकून मिळालेली रक्कम करपात्र भांडवली नफा ठरू शकते, हे विकणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

करमुक्त मर्यादा जाऊन अशा विक्रीत वीस लाखांचा करपात्र नफा झाला असे धरले, तर साडेबारा टक्क्यांनी अडीच लाख आणि उपकर मिळून दोन लाख साठ हजार कर होतो. विक्री मे महिन्यात झाली आणि पुढल्या वर्षीच्या जुलैपर्यंत काही भरले नाही, तर चार हप्त्यांचे व्याज १३,१३० आणि एप्रिलनंतरचे १०,४००. म्हणजे साडेतेवीस हजार रुपये. खरेदीदाराने उगमाशी कर कापला असता तर भार थोडा हलका झाला असता. पण ती कपात पन्नास लाखांच्या व्यवहारापासून पुढे, आणि तीही एक टक्काच. विकणारा शेतकरी साठ वर्षांवरचा असेल व त्याला दुसरा धंदा नसेल तर तो या व्याजातून सुटतो. तरुण मुलाच्या नावावर जमीन असेल तर नाही. दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेणार असल्यास कर वाचतो, पण विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न गुंतलेली रक्कम बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. घरातल्या बचत खात्यात ठेवलेली चालत नाही. सरकारने २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतलेल्या जमिनीचा मोबदला करमुक्त आहे, तसे परिपत्रक प्रत्यक्ष कर मंडळाने ऑक्टोबर २०१६ मध्ये काढले. वाढीव मोबदल्यावरचे व्याज मात्र त्या पंक्तीत बसत नाही.

नफा लपविणे हा याहून अगदी वेगळा विषय. तेथे खरोखरच दंड आहे. कमी दाखविलेल्या उत्पन्नावरील कराच्या पन्नास टक्के, आणि खोटी माहिती दिली असेल तर दोनशे टक्के. नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरणात समभागांची, फंडांची व जमिनीची खरेदी-विक्री खात्याला दिसते, तेव्हा लपविण्यात नीती नाही आणि शहाणपणही नाही.

पण ज्या सरकारला सारे दिसते त्या सरकारवरही काही जबाबदारी येते. मार्च २०२४ मध्ये आयकर खात्याने आगाऊ कराची आठवण देणारे संदेश मोबाइलवर व ई-मेलवर पाठविले. चांगले केले, पण मार्चमध्ये आठवण आली तेव्हा तीन हप्त्यांच्या तारखा निघून गेल्या होत्या. जी माहिती दलालाकडून खात्याकडे जाते ती डिसेंबरच्या पंधरवड्याआधी नागरिकाच्या हाती पडावी, यात अशक्य असे काय आहे? दुसरे असे की दहा हजारांची मर्यादा २००९ पासून हललेली नाही. त्या वेळी दहा हजार कर देणारा सुस्थितीतला गणला जाई. आज अल्पमुदतीच्या ४८ हजारांहून किंचित अधिक नफ्यावरच ती ओलांडते. ही मर्यादा किमान पंचवीस हजारांवर न्यावी. आणि तिसरी गोष्ट व्याजाच्या दराची. नागरिकाकडे सरकारचे पैसे राहिले तर दरमहा एक टक्का. सरकारकडे नागरिकाचे जादा आगाऊ पैसे राहिले तर दरमहा अर्धा टक्का, आणि परतावा एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर तोही नाही. मोंढ्यातला सावकारही आपल्या व लोकांच्या पैशाला दोन दर लावताना चार लोकांत थोडा संकोच करी. येत्या अंदाजपत्रकात अर्थमंत्र्यांनी दोन्ही बाजूंना एकच दर ठेवावा, आणि विशेष दराच्या नफ्याला लागणाऱ्या २३४बीच्या व्याजालाही, पहिल्या वर्षापुरती का होईना, हप्त्यांच्या व्याजासारखी सवलत द्यावी. मराठवाड्याच्या खासदारांपैकी एकाने तरी हा प्रश्न लोकसभेत मांडावा, अशी आमची मागणी आहे.